जॉन क्विन्सी ॲडम्सची रोजनिशी : अंतरंग आणि आचरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा सहावा अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स (१७६७–१८४८) हा इतिहासाभ्यासकांच्या नित्य परिचयाचा राहिला तो त्याच्या अध्यक्षपदामुळें नव्हे. तें चार वर्षांचें अध्यक्षपद जवळजवळ निष्फळ गेलें. तो उरला तो त्याच्या लेखणीमुळें. नोव्हेंबर १७७९ मध्यें, बारा वर्षांचा असतां, बापाबरोबर दुसऱ्यांदा युरोपास निघतांना त्यानें रोजनिशी लिहावयास आरंभ केला, व मध्यंतरीं पडलेले खंड वगळले तर मरणाच्या वर्षापर्यंत ती चालविली. तिचे ५१ खंड असून पानें १४,००० हून अधिक भरतात. मूळ प्रत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहीं आहे.

रोजनिशी हा शब्द येथें जपून घेतला पाहिजे. गणेश चिमणाजी वाड ह्यांनीं जिचे उतारे निवडले ती पेशव्यांची रोजनिशी म्हणजे दप्तरांतली नोंदवही. हुकूम, नेमणुका, इनामें, तंटे ह्यांची तींत दाखल आहे. लिहिणाऱ्या कारकुनाचें मन तींत नाहीं. ॲडम्सच्या रोजनिशींत दोन निराळीं द्रव्यें एकत्र कालवलेलीं आहेत. कोण भेटलें, कोणत्या शब्दांत काय बोलणें झालें, मंत्रिमंडळांत कोणीं कोणतें मत दिलें, ह्याचें त्याच दिवशीं किंवा लवकरच मागाहून केलेलें टिपण हें पहिलें. हीं टिपणें इतकीं तपशीलवार आहेत कीं अमेरिकेच्या त्या काळच्या परराष्ट्रकारणाचा इतिहास त्यांवांचून लिहितां येत नाहीं. त्या टिपणाखालीं लिहिणाऱ्यानें एकांतांत केलेलें चिंतन हें दुसरें. पहिल्या द्रव्याची किंमत सर्वांस मान्य आहे. आमचा वाद आहे तो दुसऱ्याविषयीं, आणि त्यावर चरित्रकारांनीं जी इमारत उठविली आहे तिजविषयीं.

ती इमारत थोडक्यांत अशी : ॲडम्स हा आरंभापासून गुलामगिरीचा शत्रु होता, वकिली, मंत्रिपद, अध्यक्षपद ह्यांच्या बंधनांमुळें त्यास मौन धरावें लागलें, १८२८ सालीं पराभव होऊन तो मोकळा झाला, लोकप्रतिनिधींच्या सभागृहांत सामान्य सभासद म्हणून आला, आणि चाळीस वर्षें मनांत कोंडलेलें सत्य त्यानें उघड बोलून दाखविलें. ह्या कथेस प्रमाण म्हणून १८२० सालच्या रोजनिशींतले उतारे दिले जातात. कथा सुंदर आहे, आणि सुंदर कथा अधिक कसोशीनें तपासावी लागते.

प्रथम छापील ग्रंथांविषयीं. ॲडम्सचा मुलगा चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स ह्यानें १८७४ ते १८७७ ह्या काळांत फिलाडेल्फियाहून रोजनिशीचा मोठा भाग १२ खंडांत प्रसिद्ध केला. त्यांत घरगुती मजकूर बहुतेक गाळलेला आहे. बापानें समकालीनांवर काढलेले जहाल उद्गार मुलानें सौम्य केले नाहींत, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु हा संपादक म्हणजे कोणी तटस्थ लेखनिक नव्हे. १८४८ सालीं गुलामगिरीच्या विस्तारास विरोध करणाऱ्या फ्री सॉइल पक्षातर्फे तो उपाध्यक्षपदास उभा होता. यादवी युद्धाच्या काळांत लंडनास अमेरिकेचा वकील होता. ग्रंथ छापावयास घेतला तेव्हां युद्ध संपून व गुलामगिरी कायद्यानें नष्ट होऊन नऊ वर्षें लोटलीं होतीं. शेवट कोणत्या बाजूस लागला हें ठाऊक असलेल्या माणसानें आरंभाचीं पानें निवडलीं आहेत. १९२८ मध्यें ॲलन नेव्हिन्सनें एका खंडांत जी निवड केली ती ह्या बारा खंडांवरूनच, म्हणजे निवडीवरून निवड. पुढें १९५६ मध्यें ॲडम्स घराण्याच्या विश्वस्तांनीं सारें दप्तर सोसायटीच्या स्वाधीन केलें, आणि आतां मूळ पानांचीं चित्रें घरबसल्या पाहतां येतात. डेव्हिड वॉल्डस्ट्रायकर ह्यानें २०१७ मध्यें दोन खंडांत केलेली निवड मूळ हस्तलिखितावर आधारलेली आहे. त्याच वर्षीं मॅथ्यू मेसनच्या साह्यानें त्यानें केवळ गुलामगिरीविषयक नोंदींचा स्वतंत्र ग्रंथही काढला. हे संपादक ॲडम्सच्या मतांतील वळणें लपवीत नाहींत, हा मोठा गुण. तरी एका विषयाच्या नोंदी वेंचून एका ओळींत मांडल्या कीं मधले दिवस नाहींसे होतात, आणि लिहिणारा माणूस आयुष्यभर त्या एकाच गोष्टीचा विचार करीत होता असा भास होतो.

आपल्याकडे स्थालीपुलाकन्याय प्रसिद्ध आहे. भात शिजला कीं नाहीं हें एका शितावरून कळतें. पण तो न्याय लागूं होण्यास सारा भात एकाच भांड्यांत, एकाच विस्तवावर असावा लागतो. अडुसष्ट वर्षांची रोजनिशी हें एक भांडें नव्हे. १८२० चें शीत चाखून १८१५ चा किंवा १८२६ चा भात शिजलेला होता असें म्हणतां येत नाहीं. त्या त्या सालचें शीत उचलून पाहिलें पाहिजे. तसें पाहूं.

ॲडम्सच्या पूर्वायुष्याचा विस्तार येथें नको. बाप दुसरा अध्यक्ष. चौदाव्या वर्षीं रशियाच्या दरबारीं वकिलाचा चिटणीस. हार्वर्डची पदवी १७८७ मध्यें. वॉशिंग्टननें हॉलंडास वकील नेमला तेव्हां वय अवघें सव्वीस. पुढें प्रशिया, सेनेट, रशिया, १८१४ च्या गेंटच्या तहाची वाटाघाट, लंडनची वकिली, आणि १८१७ पासून आठ वर्षें मन्रोच्या हाताखालीं परराष्ट्रमंत्री. १८०७ च्या व्यापारबंदीच्या कायद्यास पाठिंबा देऊन त्यानें स्वपक्षाचा रोष ओढवून घेतला व १८०८ मध्यें सेनेटचा राजीनामा दिला. हा प्रसंग जॉन केनेडीनें १९५६ च्या ‘प्रोफाइल्स इन करेज’ ह्या ग्रंथांत रंगवून सांगितला आहे. ग्रंथकार त्याच मॅसॅच्युसेट्सचा सेनेटर असल्यानें त्यास त्यांत आत्मीयता वाटली असल्यास नवल नाहीं. दुसऱ्याच वर्षीं प्रतिपक्षाच्या अध्यक्षानें ॲडम्सला रशियाची वकिली दिली, आणि ती पक्षत्यागाची बक्षिसी होय असें जुने सोबती म्हणूं लागले. आमच्या मतें तो आरोप टिकत नाहीं. पण तो झाला होता हें वाचकास ठाऊक असावें.

आतां १८१५. युद्धांत इंग्रजी आरमाराबरोबर दक्षिणेकडील कित्येक गुलाम निघून गेले होते. गेंटच्या तहाच्या पहिल्या कलमाप्रमाणें ते मालकांस परत मिळावेत किंवा त्यांची भरपाई व्हावी, अशी अमेरिकेची मागणी होती, आणि ती लंडनास मांडण्याचें काम ॲडम्सकडे आलें. त्या वर्षाच्या ऑगस्टांत मुख्य प्रधान लॉर्ड लिव्हरपूल ह्यानें त्यास सुचविलें कीं मेज किंवा खुर्ची नेणें व परत देणें निराळें, आणि जिवंत मनुष्याची गोष्ट निराळी. ॲडम्सचें उत्तर असें कीं तहांत असा भेद केलेला नाहीं. हें आपण कोणा शत्रूच्या लेखावरून सांगत नाहीं. त्यानें स्वतः आपल्या सरकारास पाठविलेल्या खलित्यांत तें आहे. पुढें हा तंटा रशियाच्या झारकडे लवादास गेला, आणि ॲडम्स स्वतः अध्यक्ष असतां, नोव्हेंबर १८२६ च्या करारानें, इंग्रज सरकारनें १२,०४,९६० डॉलर देऊन तो मिटविला. गुलामांच्या मालकांस इतकी रक्कम मिळवून देणें हें ॲडम्सच्या मुत्सद्देगिरीचें एक यश होय. चरित्रांतून तें फारसें मिरविलें जात नाहीं.

१८२२ चें शीतही असेंच निघतें. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार करणारीं जहाजें थांबवून झडती घेण्याचा हक्क परस्परांस असावा, असा इंग्रजांचा आग्रह होता. वॉशिंग्टन येथील इंग्रज वकील स्ट्रॅटफर्ड कॅनिंग ह्यानें ॲडम्सला विचारलें कीं गुलामांच्या व्यापाराहून घोर अनर्थ आपणांस कल्पितां येतो काय. येतो, असें ॲडम्सनें सांगितलें. शांततेच्या काळीं परकी अधिकाऱ्यास आपल्या जहाजांवर चढूं देणें हा तो अनर्थ. कारण तेणेंकरून आपणच गुलाम होऊं. हा संवाद रोजनिशींतच आहे. बोस्टनच्या खलाशांना इंग्रज आरमारानें जबरीनें पकडून नेल्याच्या आठवणी ताज्या असतां हें उत्तर समजण्यासारखें आहे. परंतु ‘आपण’ ह्या शब्दाच्या पोटांत जहाजाच्या तळघरांतले लोक येत नव्हते, एवढें त्यावरून स्वच्छ होतें.

ह्या दोहोंच्या मध्यें १८२० येतें. मिसूरी हें गुलामगिरीचें संस्थान म्हणून संघांत घ्यावें कीं नाहीं, ह्यावर देश दुभंगला होता. रोजनिशींतील त्या फेब्रुवारी व मार्चच्या नोंदी खरोखरच थोर आहेत. युद्धमंत्री कॅल्हूनशीं झालेलें बोलणें लिहून ॲडम्स एकटाच विचार करितो : गुलामगिरी मालकांच्या नीतीसही नासवते; राज्यघटनेनें तिच्याशीं केलेली तडजोड सदोष आहे; संघ मोडावयाचाच असेल तर तो ह्याच प्रश्नावर मोडावा. असें लिहिणाऱ्याची दृष्टि समकालीनांहून लांबवर पोंचली होती ह्यांत शंका नाहीं. पण त्याच दिवसांत त्यानें केलें काय? मन्रोनें मंत्र्यांकडून दोन प्रश्नांचीं लेखी उत्तरें मागविलीं. काँग्रेसला प्रदेशांत गुलामगिरी बंद करण्याचा अधिकार आहे काय, हा पहिला; आहे, असें सर्वांनीं म्हटलें. प्रदेशांतील ही बंदी ‘सदैव’ आहे. मग तेथें पुढें संस्थान बनल्यावरही ती लागूं राहील काय, ह्या दुसऱ्यावर ॲडम्सचें मत इतरांहून निराळें होतें. तेव्हां कॅल्हूननें युक्ति काढली कीं प्रश्नच बदलावा, कलम घटनेस धरून आहे काय एवढेंच विचारावें, म्हणजे ज्यानें त्यानें आपापल्या कारणानें ‘होय’ लिहावें. ॲडम्सनें ती मानली व ‘होय’ लिहिलें. तडजोड ह्याहून अधिक साधणार नाहीं असें त्याचें मत होतें, आणि तें त्यानें प्रामाणिकपणें नोंदविलें आहे.

येथें रोजनिशीच्या पहिल्या द्रव्याची थोरवी कशी दिसते पाहा. त्या लेखी उत्तरांचे मूळ कागद पुढें सरकारी दप्तरांत सांपडले नाहींत. १८४८ सालीं सेनेटांत हा विषय निघाला तेव्हां ॲडम्सच्या रोजनिशीचा उतारा पुढें करावा लागला, आणि कॅल्हूननें आपणांस तसें आठवत नाहीं असें सांगितलें. अशा जागीं रोजनिशी ही अव्वल साधन आहे. तिच्यावांचून त्या दिवशींचा मंत्रिमंडळाचा खल आपणांस कळताच ना. परंतु त्याच पानावरील चिंतन हें कृत्य म्हणून जमेस धरतां येत नाहीं. लिहिणारा तेथें वादीही आहे व साक्षीही आहे. आप्तवाक्य प्रमाण खरें, पण स्वतःविषयीं बोलतांना कोणीही पुरता आप्त नसतो. अनेक वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत गेल्यानें आमची दृष्टि थोडी कोती झाली असेल, तरी मनांत काय होतें ह्यास गुण देण्याची पद्धत नाहीं.

ह्याहून लहान, पण आमच्या मतें अधिक बोलकी, अशी एक नोंद फेब्रुवारी १८२८ ची आहे. होल्झी नांवाचा एक काळा मुलगा अध्यक्षांच्या घरांत वारला. तो ॲडम्सच्या पत्नीच्या भाच्याच्या मालकीचा होता, कित्येक वर्षें घरांत वावरत होता, व क्षयानें झिजत गेला. ॲडम्सनें स्वतः कधीं गुलाम बाळगला नाहीं, हें खरें आहे आणि तें सर्व चरित्रकार सांगतात. पण त्याच्या छपराखालीं गुलाम होता, आणि आठ वर्षांपूर्वीं ज्या लेखणीनें गुलामगिरीवर पानेंच्या पानें लिहिलीं तिनें येथें दोन-तीन ओळींत काम आटोपलें आहे. चिंतन नाहीं.

कोणी म्हणेल कीं वकील, मंत्री व अध्यक्ष हे पराधीन. त्यांचें आचरण हें सरकारचें आचरण. हा पूर्वपक्ष दुर्बळ नाहीं. परंतु त्याची परीक्षा घेण्याचा दिवस इतिहासानें नेमून ठेविला आहे. १२ डिसेंबर १८३१ हा तो दिवस. १८२४ च्या निवडणुकींत जॅक्सनला ९९ व ॲडम्सला ८४ मतें पडूनही, कोणासच बहुमत नसल्यानें, प्रतिनिधिगृहानें ॲडम्सला अध्यक्ष केलें. लगेच त्यानें हेन्री क्लेला परराष्ट्रमंत्री नेमलें. सौदा झाला अशी ओरड चार वर्षें चालली. विद्यापीठ व वेधशाळा काढण्याच्या त्याच्या योजनांची थट्टा झाली. आणि १८२८ मध्यें जॅक्सननें त्यास धुळीस मिळविलें. ॲडम्स नव्या अध्यक्षाच्या अधिकारग्रहणासही गेला नाहीं. १८३० मध्यें प्लिमथ विभागानें त्यास प्रतिनिधि निवडलें. माजी अध्यक्षानें खालच्या गृहांत बसणें कमीपणाचें नव्हे काय, ह्या शंकेस त्यानें भीक घातली नाहीं, हें त्याच्या स्वभावास शोभून दिसतें. आतां त्याच्यावर कोणतेंही बंधन नव्हतें. पहिल्याच बैठकींत त्यानें पेनसिल्व्हानियाच्या क्वेकर लोकांचे पंधरा अर्ज सादर केले. राजधानीच्या जिल्ह्यांतून गुलामगिरी व गुलामांचा व्यापार नाहींसा करावा अशी त्यांत प्रार्थना होती. अर्ज सादर करून तो म्हणाला काय? गुलामगिरी नाहींशी करण्याच्या मागणीस आपला पाठिंबा नाहीं.

बंधन सुटलें, आणि तरी मौन सुटलें नाहीं. ह्या एका दिवसापुढें कोंडलेल्या सत्याची कथा उभी राहत नाहीं.

मग तो बोलला केव्हां व कशानें? ह्याचें उत्तर रोजनिशींत शोधण्यापेक्षां सभागृहाच्या कामकाजांत शोधलें पाहिजे. १८३५ नंतर गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांचा पूर आला, त्यांत स्त्रियांच्या सह्यांचे अर्ज फार होते. २६ मे १८३६ रोजीं प्रतिनिधिगृहानें ११७ विरुद्ध ६८ मतांनीं ठराव केला कीं गुलामगिरीविषयक कोणताही अर्ज न वाचतां, न छापतां, त्यावर कांहींएक विचार न करतां, तो दप्तरदाखल करावा. अमेरिकन इतिहासांत हा मुस्कटदाबीचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. ॲडम्सनें मत देण्याऐवजीं उभें राहून सांगितलें कीं हा ठराव राज्यघटनेचा, गृहाच्या नियमांचा व आपल्या मतदारांच्या हक्कांचा उघड भंग होय. नियम प्रत्येक अधिवेशनांत नव्यानें होत गेला. १८४० च्या जानेवारींत ११४ विरुद्ध १०८ मतांनीं तो कायमचा करण्यांत आला. आठ वर्षें हा वृद्ध अर्जांची भेंडोळीं घेऊन त्या भिंतीवर धडका देत राहिला. घटनेच्या पहिल्या दुरुस्तीनें नागरिकांस अर्ज करण्याचा हक्क दिला आहे, हा त्याचा आरंभींचा व अखेरचा मुद्दा. गुलामाच्या मुक्तीसाठीं तो उठला नाहीं. गोऱ्या नागरिकाचा हक्क राखण्यासाठीं उठला, आणि तो हक्क राखतां राखतां गुलामगिरीच्या पायाशीं जाऊन पोंचला. क्रम हा असा आहे, आणि चरित्रकारांनीं तो उलटा लावला आहे.

ह्या लढ्याची रीत मोठी मनोरंजक आहे, आणि ती समजण्यास त्याच्या चरित्रांतील एक दुर्लक्षित गोष्ट उपयोगी पडते. सेनेटर असतांनाच, १८०६ ते १८०९, ॲडम्स हा हार्वर्ड येथें वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचीं व्याख्यानें १८१० मध्यें दोन खंडांत निघालीं. नैयायिक ज्यास जल्प म्हणतात, म्हणजे जय मिळविण्यासाठीं केलेला वाद, त्यांत हा पुरुष मुरलेला होता. ६ फेब्रुवारी १८३७ रोजीं त्यानें सभापति पोक ह्यास नम्रपणें विचारलें : माझ्याजवळ बावीस गुलामांचा म्हणून आलेला एक कागद आहे, तो नियमांत बसतो काय? सभागृहांत वणवा पेटला. त्याची निर्भर्त्सना करा, त्यास घालवून द्या, असे ठराव येऊं लागले. सर्वांचा आवेश पुरता ओतून झाल्यावर त्यानें सांगितलें कीं, ठराव मांडणाऱ्यांनीं आपला मजकूर दुरुस्त करून घ्यावा; त्या अर्जांत गुलामगिरी नष्ट करा असें नसून नेमकें उलट मागणें आहे. शिवाय कागद सादर केलेलाच नाहीं, नुसता विचारला आहे. तो अर्ज बनावट असावा असा संशयही त्यानें बोलून दाखविला. निर्भर्त्सनेचे ठराव बारगळले. परंतु गुलामांस अर्ज करण्याचा हक्क नाहीं, असा ठराव गृहानें मोठ्या बहुमतानें केलाच. ॲडम्सच्या चातुर्याचें कौतुक करणारे हा उत्तरार्ध बहुधा गाळतात.

१८४२ चा प्रसंग ह्याहून गंभीर. २४ जानेवारीस त्यानें हेव्हरहिल गांवच्या ४६ नागरिकांचा अर्ज पुढें ठेविला. संघ शांततेनें मोडावा अशी त्यांची मागणी होती. अर्ज एका समितीकडे द्यावा व ती मागणी कां मान्य करूं नये ह्याचीं कारणें देणारें उत्तर तिनें तयार करावें, अशी त्याची सूचना होती. दुसऱ्या दिवशीं केंटकीच्या मार्शलनें राजद्रोहास चिथावणी दिल्याचा आरोप ठेवून निर्भर्त्सनेचा ठराव मांडला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आरोपीनें प्रथम काय केलें, तर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा पहिला परिच्छेद कारकुनाकडून वाचवून घेतला. थिओडोर वेल्ड हा कट्टर गुलामगिरीविरोधक त्याच्यासाठीं आधार जुळवीत होता. ॲडम्सचें उत्तर इतकें लांबूं लागलें कीं प्रतिपक्षच थकला. ७ फेब्रुवारीस १०६ विरुद्ध ९३ मतांनीं ठराव दप्तरदाखल झाला. संघ मोडण्याविषयीं ह्याच माणसानें १८२० मध्यें एकांतांत लिहिलेले विचार जर त्या दिवशीं मार्शलच्या हातीं असते तर मतें कशीं पडलीं असतीं, हा तर्क मनांत येतो.

हळूहळू तो अर्जांच्या पलीकडे गेला, पण जपून. फेब्रुवारी १८३९ मध्यें त्यानें घटनादुरुस्ती सुचविली : ४ जुलै १८४२ नंतर जन्मणारें प्रत्येक मूल स्वतंत्र असावें, फ्लॉरिडा वगळून गुलामगिरीचें नवें संस्थान संघांत घेऊं नये, आणि ४ जुलै १८४५ नंतर राजधानींत गुलाम नसावेत. तात्काळ मुक्ति मागणाऱ्यांस हें फार थोडें वाटलें, दक्षिणेस हें फार झालें. युद्धप्रसंगीं सरकारास गुलाम मुक्त करण्याचा अधिकार पोंचतो, हें त्याचें प्रतिपादन मात्र पुढें यादवी युद्धांत सम्नरसारख्यांनीं शस्त्रासारखें वापरलें. ३ डिसेंबर १८४४ रोजीं १०८ विरुद्ध ८० मतांनीं मुस्कटदाबीचा नियम रद्द झाला, तो ॲडम्सच्याच ठरावानें.

‘ॲमिस्टॅड’ खटल्याविषयीं थोडें लिहिणें भाग आहे, कारण १९९७ च्या स्पीलबर्गच्या चित्रपटामुळें सामान्य लोकांस ॲडम्स ठाऊक आहे तो एवढाच. क्यूबाच्या किनाऱ्यावर बंड करून जहाज ताब्यांत घेणाऱ्या आफ्रिकन लोकांच्या बाजूनें त्यानें २४ फेब्रुवारी व १ मार्च १८४१ रोजीं सर्वोच्च न्यायालयापुढें भाषण केलें. मध्यें एक न्यायाधीश वारल्यानें काम थांबलें होतें. ९ मार्चला लोक मुक्त झाले. पण न्यायमूर्ति स्टोरीचा निकाल वाचावा : स्पेनच्या कायद्याप्रमाणें हे लोक गुलाम ठरतच नाहींत, म्हणून तहाचें कलम त्यांस लागूं नाहीं, असा तो आहे. ही मांडणी मुख्यतः रॉजर बाल्डविन ह्या वकिलाची, ज्यानें खालच्या न्यायालयापासून खटला चालविला होता. ॲडम्सचें छापील भाषण हें बव्हंशीं अध्यक्ष व्हॅन ब्यूरनच्या कारभारावरील आरोपपत्र आहे. चित्रपटांतील भाषण त्याच्याशीं ताडून पाहिल्यास साम्य फार थोडें आढळतें. चित्रपट ही बखर होय. बखरीचा राग धरूं नये, आधार म्हणून तिचें नांव घेऊं नये. मौज अशी कीं ज्या ॲडम्सनें १८१५ मध्यें तहांत मनुष्य व वस्तु असा भेद नाहीं असें सांगितलें, त्यानेंच आतां मनुष्यांस व्यापारी माल म्हणून परत करण्यास तहाचा आधार नाहीं असें सांगितलें. हें वळण मोठें आहे, आणि जो चरित्रकार १८१५ झांकतो त्यास १८४१ ची किंमतच सांगतां येत नाहीं.

सॅम्युएल बेमिस ह्याच्या दोन खंडांचा (१९४९ व १९५६) येथें आदरानें उल्लेख करणें जरूर आहे. सरकारी खलिते व रोजनिशी शेजारीं ठेवून लिहिलेलें हें चरित्र. पहिल्या खंडास १९५० चें पुलित्झर पारितोषिक मिळालें. त्याचीच रीत गुलामगिरीविषयक नोंदींच्या भावी संपादकांनीं उचलावी असें आम्हांस वाटतें. ज्या तारखेचें चिंतन छापावयाचें त्या तारखेस ॲडम्सनें दिलेलें मत, पाठविलेला खलिता किंवा केलेली सही समोरच्या पानावर छापावी. १८२० च्या उताऱ्यासमोर तें एकाक्षरी ‘होय’ यावें. होल्झीच्या नोंदीसमोर कांहींच येणार नाहीं. तें पान कोरें राहूं द्यावें.

शेवटच्या काळाच्या नोंदींनाही हेंच लागूं आहे. नोव्हेंबर १८४६ मध्यें बोस्टन येथें अर्धांगाचा झटका आल्यावर काहीं महिन्यांनीं त्यानें पुन्हां लेखन सुरू केलें, आणि त्यास मरणोत्तर स्मरणवही असें नांव दिलें. मूळ रोजनिशी त्या झटक्याबरोबर संपली असें तो समजे. २१ फेब्रुवारी १८४८ रोजीं तो सभागृहांत आपल्या जागीं कोसळला, व २३ तारखेस सभापतींच्या खोलींत वारला. त्याचे शेवटचे शब्द दोन प्रकारांनीं नोंदलेले आहेत. एका पाठाप्रमाणें पृथ्वीवरचें हें अखेरचें असें म्हणून तो आपण संतुष्ट आहों असें म्हणाला, दुसऱ्याप्रमाणें आपण स्थिरचित्त आहों असें. कोणता पाठ खरा हें ठरविणें कठीण. कोसळण्यापूर्वीं मेक्सिकोच्या युद्धांतील सेनापतींच्या गौरवाचा ठराव पुकारला गेला होता. त्या युद्धाच्या आरंभीं, मे १८४६ मध्यें, ज्या चौदा सभासदांनीं विरुद्ध मत दिलें त्यांत ॲडम्स होता. ह्या वेळींही तो मोठ्यानें ‘नाहीं’ म्हणाला, आणि तेवढें एकच मत सर्व साधनांत एकसारखें सांपडतें.